बालशिक्षण आणि पालक मार्गदर्शन : आईच्या अनुभवातून रोजगार



गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज येतात, तेव्हा व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिलेलं असतं ते आठवून बघा. शेळीपालन, कोंबड्या, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, किराणा, पापड-मसाले. 'मुलांचं शिक्षण' हे शब्द अर्जात येतात ते कर्जाचं कारण म्हणून. फी भरायची आहे, वह्या-पुस्तकं घ्यायची आहेत, म्हणून कर्ज हवं. मुलांचं शिक्षण हाच माझा व्यवसाय आहे, असा अर्ज क्वचितच येतो.

त्याचं कारण आपल्याला माहीत आहे. पोरं सांभाळणं, त्यांना बोलायला-वागायला शिकवणं, याला घरात कुणी काम म्हणत नाही. शेजारच्या चार मुलांना रोज गृहपाठाला बसवणारी एखादी ताई प्रत्येक गावात असते. दिवाळीला तिला फराळाचं ताट मिळतं. पैसे कुणी देत नाही, आणि मागायची तिलाही लाज वाटते.

या महिन्याच्या पाठात आपण हेच काम रीतसर शिकून, हिशोब ठेवून आणि आपली मर्यादा ओळखून कसं करता येईल ते पाहू. ज्या ताईला यात रस आहे तिने हा पाठ मोठ्याने वाचावा. बाकीच्यांनी आपल्या घरातली मुलं डोळ्यासमोर ठेवून ऐकावा.

१. ही वाट आधी कुणी चालली?

आपल्याच महाराष्ट्रात हे काम दोन बायांनी उभं केलं. पहिल्या ताराबाई मोडक. जन्म १८९२चा. त्या काळात त्या पदवीपर्यंत शिकल्या. पुढे पतीपासून वेगळ्या झाल्या आणि पदरात लहान मुलगी असताना शिक्षणाच्या कामात उतरल्या. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका लहान मुलांच्या शिक्षणाचे प्रयोग करत होते. ताराबाई त्यांच्याकडे जाऊन शिकल्या, त्यांच्यासोबत काम केलं. १९२६ मध्ये दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ सुरू केला.

ताराबाईंनी एक गोष्ट लवकर ओळखली. मूल शाळेत काही तास असतं आणि उरलेला सगळा वेळ घरात. घरातल्या माणसांना मूल कळलं नाही, तर शाळेतली मेहनत वाया जाते. म्हणून मुलांना शिकवता शिकवता त्यांनी पालकांसाठीही लिहिलं. 'शिक्षण पत्रिका' हे मराठी मासिक त्यांनी चालवलं. मुलाला मारू नका, घाबरवू नका, त्याला त्याच्या हाताने करू द्या, हे त्या पालकांना समजावत राहिल्या. आज ज्याला आपण पालक मार्गदर्शन म्हणतो, ते हेच.

१९४५ मध्ये त्या शहर सोडून बोर्डीला आल्या. हे गाव आता पालघर जिल्ह्यात येतं. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. पण त्यांनी शिक्षण सोडलं नाही, शिक्षिका झाल्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी वस्त्यांमध्ये गेलं.

तिथे अडचण अशी होती, की मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली. महागडी खेळणी नव्हती. शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, माती हेच साहित्य झालं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हणत. १९७५ पासून देशभर अंगणवाड्या सुरू झाल्या, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पद्मश्री.

आपण यातून तीन गोष्टी घ्यायच्या. एक, आधी स्वतः शिकायचं. दोन, हाताशी आहे त्यातून साहित्य करायचं. तीन, मुलाबरोबर घरालाही शिकवायचं.

२. काम नेमकं कोणतं?

गावात तीन प्रकारचं काम करता येतं.

पहिलं, पहिली ते चौथीच्या मुलांचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग. नुसता गृहपाठ उरकून घेणं एवढंच यात नको. वाचन, गोष्ट, गणिताचे खेळ आणि थोडा गृहपाठ असा वर्ग असावा.

दुसरं, तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा खेळवर्ग किंवा पाळणाघर. कामाला जाणाऱ्या आयांना याचा मोठा आधार होतो. पण हा वर्ग अंगणवाडीच्या वेळेत घेऊ नका. अंगणवाडीत पोषण आहार, वजन-उंचीची नोंद, लसीकरणाचा पाठपुरावा आणि शाळापूर्व शिक्षण मोफत मिळतं. आपल्या वर्गामुळे एखादं मूल तिथून तुटलं, तर तोटा मुलाचाच. सेविकाताईंना आधी भेटा. त्यांच्या वेळेनंतरचा वेळ धरा.

तिसरं, पालक मार्गदर्शन. महिन्यातून एक-दोन वेळा पालकांना एकत्र बसवायचं आणि गरज असेल त्या घरी जाऊन बोलायचं. पहिली दोन कामं याच्यावर उभी राहतात. घरात बदल दिसला की पालक स्वतःहून मूल पाठवतात आणि फी द्यायला कुरकुर करत नाहीत.

३. मार्गदर्शन करायचं म्हणजे काय?

मार्गदर्शन म्हटलं की आपल्याला भाषण आठवतं. समोरची आई आधीच दिवसभर राबून आलेली असते. तिला 'मुलाकडे लक्ष द्या' असं सांगून काय उपयोग? लक्ष द्यावं हे तिलाही कळतं. म्हणून आधी विचारायचं, ऐकायचं आणि मग एकच गोष्ट सांगायची. असं एक बोलणं बघू.

आई : पोरगं अभ्यासाला बसतच नाही बघा. मारून मुटकून बसवलं तर रडत बसतं.

ताई : शाळेतून किती वाजता येतो, वहिनी?

आई : पाचला येतो.

ताई : आला की घरी कोण असतं?

आई : सासूबाई असतात. मी रानातून येईस्तोवर सात वाजतात.

ताई : मग अभ्यासाला कधी बसवता?

आई : स्वयंपाक, जेवणं, भांडी आवरली की. नऊ तर वाजतातच.

ताई : सकाळी किती वाजता उठतो?

आई : सहाला उठवावं लागतं.

इथे पोरगं आळशी नाही हे आपल्याला दिसतं. आठ वर्षांचं मूल रात्री नऊला पेंगणारच. ताईने सांगायचं ते एवढंच : "वहिनी, पंधरा दिवस एक करून बघा. सात वाजता तुम्ही चुलीपाशी बसाल, तेव्हा त्याला शेजारी बसवा. पुस्तकातलं एक पान तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवू दे. चूक काढू नका, नुसतं ऐका. नऊ वाजता अभ्यास नको, झोपू दे."

आईला वाचता येत नसेल तरी हे जमतं. मुलाला ऐकणारं माणूस हवं असतं. पंधरा दिवसांनी परत जाऊन विचारायचं. जमलं का? नाही जमलं तर कशामुळे? मग पुढची एक गोष्ट ठरवायची. पाच सूचना एकदम दिल्या तर एकही होत नाही.

आजी-आजोबांना विसरू नका. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला माणसं जातात, ती उन्हाळ्यात परततात. काही मुलं आई-वडिलांबरोबर फडावर जातात आणि शाळा मध्येच सुटते. काही हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ गावातच राहतात. अशा वेळी खरी पालक आजीच असते. तिच्याबरोबर महिन्यातून दोनदा बसणारी ताई त्या मुलाची शाळा टिकवू शकते. आजीला ओव्या येतात, गोष्टी येतात, उखाणे-कोडी येतात. त्यांचाच अभ्यासात उपयोग करायला तिला सांगा.

वडिलांसाठी बैठकीची वेळ बदलावी लागते. धारा काढून, डेअरीला दूध घालून झाल्यावर बोलवा. बाप एकदा आला आणि आपल्या पोराने काढलेलं चित्र भिंतीवर बघितलं, की पुढच्या वेळी पुन्हा बोलवावं लागत नाही.

४. आपण काय शिकून घ्यायचं?

मुलं वाढवली म्हणजे सगळं येतं असं नाही. आपल्याला आपली दोन-तीन मुलं माहीत असतात, दुसऱ्याचं मूल वेगळं असतं. पुढच्या गोष्टी पक्क्या माहीत हव्यात.

हाताची तयारी : तीन-चार वर्षांच्या मुलाला पेन्सिल देऊन ओळीत अक्षरं गिरवायला लावू नये. त्याच्या बोटांत अजून तेवढी ताकद नसते. कणकेचा गोळा मळणं, शेंगा सोलणं, मणी ओवणं, कडधान्यातले खडे वेचणं, मातीचे बैल करणं यातून बोटं तयार होतात. मणी-बिया देताना मात्र जवळ बसा. लहान मूल ते नाकात किंवा तोंडात घालू शकतं.

बोली : मूल घरात अहिराणी, वऱ्हाडी, कोकणी, गोंडी, वारली, जी भाषा बोलतं, ती चुकीची नाही. 'असं बोलू नको, शुद्ध बोल' म्हटलं की मूल गप्प होतं. त्याच्या बोलीत बोलू द्या आणि पुस्तकातला शब्द शेजारी ठेवा. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे.

गणित : भाकऱ्या मोजणं, ताटं मांडणं, वाटीने तांदूळ मापणं, दुकानातून उरलेले पैसे मोजून आणणं. आकडा पाटीवर येण्याआधी हातात यायला हवा.

मोबाईल : जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे, की दोन वर्षांखालच्या मुलाला पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासाहून जास्त नको, कमी असेल तितकं चांगलं. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप लागते. घास भरवताना मोबाईल देण्याची सवय मोडायला वेळ लागतो, तेव्हा आईला दोष न देता एकेक जेवण सोडवत न्या.

वाढीतली अडचण : दीड वर्षाचं मूल चालत नसेल, दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, पुस्तक अगदी डोळ्याजवळ धरत असेल, तर 'होईल मोठं झाल्यावर' म्हणून थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी होते. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. आजाराचं नाव आपण सांगायचं नाही, डॉक्टरांपर्यंत पोचवायचं.

ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं आहे, त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी-बारावी देता येते. बारावीनंतर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची बालशिक्षणाची पदविका आहे. घरी राहून अभ्यास करता येतो. प्रवेशाची मुदत आणि फी जवळच्या अभ्यासकेंद्रात विचारून घ्या. शाळेत शिक्षिका व्हायचं असेल तर मात्र डी.एल.एड. आणि शिक्षक पात्रता परीक्षा लागते. ती वाट वेगळी आहे.

५. पहिले तीन महिने

पहिला महिना : शाळेतल्या बाई-गुरुजींना आणि सेविकाताईंना भेटा. वाडीतली वीस घरं फिरा. किती मुलं, कोणत्या वर्गात, घरी संध्याकाळी कोण असतं, पालकांना काय अडतं, हे वहीत लिहा. आपल्या मनातली गरज आणि लोकांची गरज एक असेलच असं नाही.

दुसरा महिना : पाच घरं निवडा आणि एक महिना फी न घेता काम करा. फुकट फक्त हाच महिना, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. प्रत्येक मुलाचं एक पान ठेवा. आज काय येतं आणि महिन्याने काय यायला लागलं ते लिहा. "आधी अक्षरं लावून वाचायचा, आता चार ओळी न अडखळता वाचतो" असं नेमकं लिहा. 'प्रगती चांगली' असं लिहून कुणाला काही कळत नाही.

तिसरा महिना : ही पानं पालकांना दाखवा आणि फी ठरवा. फीचा दर आणि वेळ कागदावर लिहून भिंतीला लावा. तोंडी ठरलेली फी नात्यागोत्यात विरघळून जाते.

६. हिशोब

हे आकडे उदाहरणासाठी आहेत. आपल्या गावाचे आकडे घालून गटात पुन्हा मांडा.

महिन्याची जमा :
अभ्यासवर्ग, १२ मुलं, प्रत्येकी २०० रुपये : २,४००
पालक बैठक, १५ घरं, प्रत्येकी ५० रुपये : ७५०
एकूण जमा : ३,१५०

महिन्याचा खर्च :
कागद, खडू, रंग : ३००
वीज आणि किरकोळ : १५०
गोष्टीच्या पुस्तकांसाठी बाजूला : २००
झेरॉक्स : १००
एकूण खर्च : ७५०

सतरंजी, फळा, पुस्तकं यासाठी गटातून ६,००० रुपये कर्ज घेतलं असं धरू. मुदत १२ महिने, व्याज महिना शेकडा १ रुपया, उरलेल्या मुद्दलावर. पहिला हप्ता मुद्दल ५०० आणि व्याज ६०, म्हणजे ५६०. म्हणून पहिल्या महिन्यात हातात राहतात ३,१५० वजा १,३१०, म्हणजे १,८४० रुपये.

आता वेळ मोजा. रोज दीड तास, २२ दिवस, म्हणजे ३३ तास. बैठका आणि घरभेटी ४ तास. तयारी ८ तास. एकूण ४५ तास. तासाला साधारण ४१ रुपये पडले. कर्ज फिटलं की हातात २,४०० राहतील, तासाला सुमारे ५३ रुपये.

हा आकडा आपल्या गावातल्या खुरपणीच्या मजुरीशी ताडून बघा. सुरुवातीला एवढ्यावर घर चालणार नाही, हे मान्य करूनच उतरा. पण आपल्या वेळेचा भाव एकदा काढला, की "दोन पोरं जास्तीची बसली तर काय बिघडलं?" या प्रश्नाला उत्तर देता येतं. एखाद्या घराला खरंच परवडत नसेल, तर निम्मी फी किंवा माफी द्या. ती सवलत आपण ठरवून दिलेली असावी आणि हिशोबात तशी लिहावी. भिडेपोटी बुडालेले पैसे आणि विचार करून दिलेली सवलत यात फरक आहे.

काम जमलं की पुढची पायरी म्हणजे शेजारच्या दोन गावांत महिन्याची पालक बैठक, आणि ग्रामसंघातल्या दुसऱ्या ताईंना तयार करणं.

७. या रेषा ओलांडायच्या नाहीत

मारणं, कोंडणं, अपमान करणं आपल्या वर्गात चालणार नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी आहे, आपणही तोच नियम पाळायचा.

'पहिला नंबर आणून देते' असं आश्वासन द्यायचं नाही.

एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात न्यायची नाही. नोंदवही कुलपात ठेवा. नवरा-बायकोचं भांडण, बापाची दारू, मुलीचं वय, हे सगळं आपल्या कानावर येणार. ते विहिरीवर, नळावर बोललं गेलं, की दुसऱ्या दिवसापासून आपलं काम संपलं म्हणून समजा.

पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे फोटो मोबाईलच्या स्टेटसला ठेवायचे नाहीत.

मुलावर अत्याचार होत असल्याचं कळलं तर घरातल्या घरात मिटवायचं नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत मदत क्रमांक आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं २०१२च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. मुलीचं लग्न वयाआधी ठरत असेल तरी हाच क्रमांक लावा.

शाळेशी स्पर्धा नको. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. आपल्या बैठकीतल्या आया तिथे जाऊन बोलू लागल्या, तर शाळाही सुधारेल आणि आपलं कामही लोकांना दिसेल.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात संध्याकाळी पाच ते आठ मुलं कुठे असतात? कुणासोबत?
२. वर दिलेल्या संभाषणात आपण असतो, तर पहिला प्रश्न कोणता विचारला असता?
३. आपल्या गटातली कुणी ताई हे काम आत्ता फुकट करते का? तिला काय द्यायला हवं असं गटाला वाटतं?
४. आपल्या गावात किती फी परवडेल? सहाव्या भागातला हिशोब तो आकडा घालून करा.

पुढच्या बैठकीपर्यंतचं काम

प्रत्येकीने आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या एका मुलाला रोज दहा मिनिटं ऐकायचं. शिकवायचं नाही, चूक काढायची नाही. सातव्या दिवशी त्या मुलाविषयी आपल्याला नव्याने कळलेली एक गोष्ट वहीत लिहायची. लिहिता येत नसेल तर मुलीकडून किंवा सुनेकडून लिहून घ्यायची. पुढच्या बैठकीची सुरुवात बचतीच्या आधी या वह्या वाचून करायची.